मानसिक वाटणारे चयापचयाचे आनुवंशिक आजार: संशय कधी घ्यावा, नमुना कसा द्यावा, रिपोर्ट कसा वाचावा

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, कन्व्हर्जन (मनाचा ताण शरीरावर उमटणं) असं एखादं नाव केस पेपरवर लागलं, की पुढचं प्रत्येक लक्षण त्याच खात्यावर जमा होऊ लागतं. हात थरथरतोय? गोळ्यांचा परिणाम. जीभ जड झाली? गोळ्यांचा परिणाम. पोट असह्य दुखतंय आणि सोनोग्राफीत काही नाही? मग तेही मनाचंच. बहुतेक वेळा हे खरंही असतं. पण उरलेल्या थोड्या रुग्णांत काही आजार असे आहेत, की त्यांच्यावर नेमका इलाज उपलब्ध आहे आणि उशीर झाला तर मेंदूचं किंवा यकृताचं नुकसान भरून येत नाही.

शरीरात तांबं साठत जाणाऱ्या विल्सन आजाराचंच घ्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतल्या ३०७ रुग्णांच्या नोंदी तपासून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास तीनपैकी दोघांचं निदान आधी चुकलेलं होतं, आणि खरं निदान व्हायला सरासरी दोन वर्षं लागली होती. चुकीच्या निदानांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होताच.

दुसरी बाजूही आधीच सांगायला हवी. विल्सन साधारण तीस हजारांत एकाला होतो. स्किझोफ्रेनिया शंभरात जवळपास एकाला. म्हणून भास होणाऱ्या प्रत्येकाला महागड्या तपासण्या लावण्यात अर्थ नाही. काही ठरावीक खुणा दिसल्या तरच शोध घ्यायचा, आणि घ्यायचा तर नमुना नीट द्यायचा, कारण यातल्या बऱ्याच तपासण्या प्रयोगशाळेत पोचण्याआधीच वाया जातात. चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, ही पहिली अट. खालची माहिती डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून आहे.

आधी घरी बसून टिपण करा

वहीचं एक पान उभं दुमडा. डावीकडे लक्षणं, उजवीकडे औषधं, दोन्हींपुढे महिना आणि वर्ष. "थरथर: दिवाळीच्या आधीपासून. रिस्पेरिडोन सुरू: जानेवारी." एवढ्या दोन ओळींनी चित्र पालटू शकतं. थरथर गोळीच्या आधी सुरू झाली असेल, तर तिचा दोष गोळीवर टाकता येत नाही. अगदी कमी डोसवर माणूस लाकडासारखा ताठरला असेल, तर तेही लिहा. विल्सनच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी भासांवरची औषधं असाच दणका देतात.

शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या जुन्या वह्या बाहेर काढा. आठवीची वही आणि आत्ताची वही शेजारी ठेवली की अक्षर बारीक होत गेलंय का, ओळी वाकड्या जाताहेत का, हे डॉक्टरांना मिनिटभरात दिसतं. "मार्क कमी झाले" या तक्रारीला पुरावा नसतो. वही हाच पुरावा. चालणं, बोलणं, पेला तोंडाशी नेणं यांचे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ मोबाइलवर घ्या. ओपीडीत रुग्ण नेमका त्या वेळी नीट वागतो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

मग वंशावळ. आई-वडिलांचं आपसात नातं आहे का, हे संकोच न करता सांगा. दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मामेबहिणीशी किंवा सख्ख्या भाचीशी लग्नं होत आलेली आहेत. अशा घरात दोन्हीकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते. घरात कुणाला तरुणपणी यकृताचा आजार झाला का, दारू न पिता सिरॉसिस झाला का, आईचे भाऊ जन्मल्यावर काही दिवसांतच दगावले का, कुणाला तरुणपणी पायात रक्ताची गाठ झाली का, हे आजीला विचारा. आईवडिलांना ठाऊक नसलेलं बरंच तिला माहीत असतं. "बाहेरची बाधा" म्हणून देवऋष्याकडे नेलेलं कुणी असेल तर तेही वंशावळीत येऊ द्या.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबून विचार करायचा

मानसिक लक्षणांसोबत शरीराचं दुसरं काहीतरी बिघडलेलं असणं, ही सगळ्यांत मोठी खूण. लाळ गळणं, बोलणं घोगरं आणि चिकट होणं, लहानपणी वारंवार झालेली आणि गावठी औषधाने "उतरवलेली" कावीळ, वाढलेली प्लीहा, कमी वयात मोतीबिंदू, न थांबणारे जुलाब. दुसरी खूण म्हणजे लक्षणांची ये-जा. माणूस चार-पाच दिवस पार भ्रमिष्ट आणि मग जवळपास ठणठणीत, आणि प्रत्येक वेळी त्याआधी ताप, उपास, ऑपरेशन, बाळंतपण, पाळी किंवा नवीन औषध. तिसरी खूण म्हणजे भासांचं स्वरूप: कानात आवाज येण्याऐवजी डोळ्यांना भलतंच दिसणं, सोबत गुंगी आणि दिवस-वार न कळणं. बुद्धी हळूहळू घसरत जाणं आणि नेहमीची औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ देऊनही काम न करणं, याही खुणा आहेत. पण एकट्याने त्या फारशा उपयोगाच्या नाहीत.

विल्सन: तांबं बाहेर पडत नाही

ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट सॅम्युएल किनिअर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेला हा आजार. एटीपी७बी या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की यकृताला जास्तीचं तांबं पित्तावाटे टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग रक्तात सांडतं आणि मेंदूत, डोळ्यांत जाऊन बसतं. सुरुवात बहुधा ५ ते ३५ या वयात होते. चिडचिड, अश्लील किंवा बेफिकीर वागणं, उदासी, कधी भास. घरच्यांना वाटतं, वयात आलाय म्हणून असा वागतो.

तीन तपासण्या एकत्र कराव्या लागतात, कारण एकटी कुठलीच पुरेशी नाही.

पहिली, डोळ्यांची. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी किंवा हिरवट कडं तयार होतं. त्याला कायझर-फ्लायशर कडं म्हणतात. ते आधी वरच्या कडेला येतं, मग खाली, आणि शेवटी पूर्ण गोल होतं. आपल्याकडच्या गडद डोळ्यांत ते टॉर्चने दिसेलच असं नाही. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन "स्लिट लॅम्पवर कायझर-फ्लायशर कडं पाहा" असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर चष्म्याचा नंबर काढून परत पाठवतील. मेंदूची लक्षणं असलेल्या जवळपास सगळ्या रुग्णांत हे कडं सापडतं. फक्त यकृताचा त्रास असेल तर निम्म्यांच्या आसपास.

दुसरी, रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन. नेहमीची मर्यादा साधारण २० ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दहाच्या खाली आलं तर संशय पक्का होतो. दहा ते वीस हा धूसर पट्टा आहे. आजार नसलेले पण एक सदोष जनुक असलेले वाहकही इथे सापडतात, कुपोषित आणि मूत्रपिंडातून प्रथिनं गमावणारे रुग्णही. उलट गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या किंवा अंगात सूज-ताप असेल तर आकडा फसवा वाढतो आणि आजार असूनही रिपोर्ट "नॉर्मल" येतो. रक्त देताना चालू औषधं लिहून द्या ती यासाठीच.

तिसरी, २४ तासांच्या लघवीतलं तांबं. हीच सगळ्यांत जास्त वेळा बिघडते, म्हणून सविस्तर.

कॅन प्रयोगशाळेकडूनच घ्या. तो प्लास्टिकचा आणि आम्लाने धुतलेला, धातूविरहित असावा लागतो. घरातली पाण्याची बाटली चालत नाही. सकाळी सात वाजता उठल्यावरची लघवी संडासात टाकायची आणि घड्याळातली वेळ लिहायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सातची लघवीही कॅनमध्येच, आणि तिथे थांबायचं. लघवी धरायला प्लास्टिकचा मग वापरा. पितळी, तांब्याचं, अगदी स्टीलचंही भांडं नको. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी करून घ्या. एक जरी वेळ चुकली तरी कॅन ओतून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात. "थोडीच गेली" म्हणून पुढे रेटलं की आकडा खोटा कमी येतो. रुग्ण ऐकत नसेल, संशयी असेल, तर घरी हा खटाटोप करू नका. दोन दिवस ॲडमिट करून नर्सच्या देखरेखीत करून घेणं स्वस्त पडतं. एकूण लघवी किती मिली झाली ते नोंदवा आणि त्याच नमुन्यात क्रिॲटिनिनही मोजायला सांगा. नमुना पूर्ण गोळा झाला की नाही हे त्यावरून कळतं.

मोठ्या माणसात १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त म्हणजे विल्सनच्या बाजूने. ४० ते १०० मध्ये आलं तर, विशेषतः मुलांत, विषय बंद करायचा नाही.

एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागांत बदल दिसतात, पण नॉर्मल एमआरआयने विल्सन नाकारता येत नाही. या सगळ्यांना गुण देऊन बेरीज करण्याची लाइपझिग पद्धत आहे. चार किंवा जास्त गुण झाले की निदान मानलं जातं. तुमच्या डॉक्टरांनी ती बेरीज फाइलवर लिहिली आहे का, हे विचारायला हरकत नाही.

पोरफिरिया: पोटदुखी, भास आणि काळवंडणारी लघवी

ॲक्यूट इंटरमिटंट पोरफिरिया हा हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) तयार करण्याच्या साखळीतला दोष. एकाच पालकाकडून येतो, आणि जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. त्रास होतो तो जास्त करून तरुण स्त्रियांना, बऱ्याचदा पाळीच्या आधीच्या दिवसांत. पोटात असह्य दुखणं, बद्धकोष्ठता, छातीत धडधड, झोप उडणं, मग संशय, भास, आरडाओरडा. पोट दाबून पाहिलं तर मऊ. डॉक्टरांना वाटतं नाटक आहे. काही जणींचं अपेंडिक्स या नादात विनाकारण काढलं जातं, आणि भुलीसाठी थायोपेंटोन दिलं तर झटका आणखी भडकतो.

हा झटका उपाशीपणाने पेटतो. शरीराला साखर मिळाली नाही की यकृत हीमची साखळी जोरात चालवू लागतं आणि अडलेल्या ठिकाणी विषारी पदार्थ साचतात. नवरात्रातले नऊ दिवसांचे कडक उपास किंवा लग्नाआधीचं जिवावर उठणारं डाएट संपता संपता असा त्रास झालेला असेल, तर टिपणात ठळक लिहा.

झटका चालू असताना लघवीचा एक साधा नमुना पुरतो. २४ तासांची गरज नाही. डबी लगेच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि बर्फावर ठेवून पाठवा, कारण जे मोजायचं ते पोरफोबिलिनोजेन (हीमच्या साखळीत अडून साचणारा पदार्थ) उजेडात टिकत नाही. मागणीच्या चिठ्ठीवर "पोरफोबिलिनोजेन आणि क्रिॲटिनिन" असंच लिहिलेलं हवं. इथे एक चूक वारंवार होते: "युरिन पोरफिरिन" मागवलं जातं. पोरफिरिन तर दारू, शिसं, यकृताचे आजार कशानेही थोडं वाढतं आणि नसलेल्या आजाराचं लेबल लागतं. खऱ्या झटक्यात पोरफोबिलिनोजेन थोडंथोडकं वाढत नाही. नेहमीच्या मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून वर जातं. लघवीचा रंग ताजी असताना साधा असू शकतो. काचेच्या बाटलीत खिडकीत ठेवली तर काही तासांत ती कोऱ्या चहासारखी होते. हा घरगुती इशारा आहे, तपासणीला पर्याय नाही. सोबत रक्तातलं सोडियम पाहून घ्या. ते खूप उतरलेलं असलं तर फिट येऊ शकते.

निदान पक्कं झालं की आधी कारणीभूत औषध थांबवतात, मग दिवसाला किमान ३०० ग्रॅम ग्लुकोज देतात. शिरेतून द्यायचं तर १० टक्के डेक्स्ट्रोजचे तीन लिटर होतात; सोडियम आधीच कमी असेल तर इतकं पाणी देताना डॉक्टरांना जपून पावलं टाकावी लागतात. जोरदार झटक्यात हेमिन हे इंजेक्शन रोज वजनाच्या किलोमागे ३ ते ४ मिलिग्रॅम, चार दिवस. ते सगळीकडे साठ्याला नसतं, म्हणून संशय पक्का होताच चौकशी सुरू करा.

अमोनिया: काही मिनिटांत बिघडणारी तपासणी

युरिया सायकल म्हणजे प्रथिनांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचा यकृतात युरिया करणारी साखळी. तिचे आजार नवजात बाळांचे मानले जातात. पण त्या साखळीतल्या ओटीसी (ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज) या एन्झाइमची अर्धवट कमतरता असलेली माणसं मोठी होतात, लग्न करतात, नोकरी करतात. लहानपणापासून त्यांना डाळ, दूध, अंडी, मटण नकोसं असतं. जबरदस्तीने खाल्लं तर उलटी, डोकेदुखी. घरचे म्हणतात, खाण्याचे नखरे आहेत. मग एखादा ताप, स्टेरॉइडचा कोर्स, उपास किंवा बाळंतपण होतं आणि अमोनिया चढतो. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत आईने बरळायला, घरच्यांना न ओळखायला सुरुवात केली, तर बाळंतपणानंतरचं सायकोसिस म्हणून गोळ्या देण्याआधी अमोनिया पाहिलाच पाहिजे. गर्भाशय आकसताना शरीरात प्रथिनांचा मोठा भार पडतो, त्यात डिंकाचे लाडू आणि मटणाचा रस्सा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून मुलग्यांवर घाला जास्त. आईचे भाऊ बाळपणीच गेले, हा प्रश्न वर विचारला तो त्यासाठी.

रक्त घेताना दंडाला पट्टा आवळायचा नाही, मूठ घट्ट करायला सांगायचं नाही. ईडीटीएची नळी आधीच बर्फात ठेवलेली असावी, रक्त घेतल्यावर ती बर्फाच्या पाण्यात, आणि पंधरा मिनिटांत प्रयोगशाळेच्या मशिनपाशी. कलेक्शन सेंटरवर रक्त देऊन ते दुपारच्या गाडीने दुसऱ्या शहरात पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात. अशा नमुन्यात अमोनिया बाटलीतच तयार होत राहतो आणि भलताच आकडा येतो. स्वतःची प्रयोगशाळा असलेल्या हॉस्पिटलातच करा. मोठ्या माणसात ५० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत अपेक्षित असतं. काही रिपोर्ट मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात. तो आकडा १.७ ने भागला की मायक्रोमोल येतात. माणूस गुंगीत असताना १०० मायक्रोमोलच्या वर गेला आणि यकृताच्या तपासण्या जवळपास ठीक असल्या, तर ही तातडीची स्थिती आहे. त्याच वेळी रक्तातली अमिनो आम्लं आणि लघवीतलं ओरोटिक ॲसिड यांचे नमुने काढून ठेवायला सांगा. झटका ओसरल्यावर ते पुरावे हाती लागत नाहीत.

उपचारात प्रथिनं थांबवतात, पण २४ ते ४८ तासच. त्याहून लांबवलं तर शरीर स्वतःचे स्नायू तोडतं आणि अमोनिया उलट वाढतो. सोबत १० टक्के डेक्स्ट्रोज, सोडियम बेंझोएट, आर्जिनिन. गरज पडली तर डायलिसिस.

होमोसिस्टीन आणि शाकाहाराचा घोळ

उंच, सडपातळ, लांब बोटं, जाड भिंगाचा चष्मा, डोळ्यातलं नैसर्गिक भिंग खाली सरकलेलं, तरुणपणी रक्ताची गाठ, आणि जोडीला वर्तनातले बदल: हे होमोसिस्टिन्युरियाचं, म्हणजे होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल अंगात साठण्याच्या आजाराचं चित्र. बी१२ शरीरात वापरण्यातले काही दोष आणि एमटीएचएफआर या फोलेटच्या वापरातल्या एन्झाइमची तीव्र कमतरता यांत तर दिसायला माणूस साधा असतो, फक्त मन आणि पाय बिघडतात.

नमुन्याचं गणित असं: रक्त घेतल्यावर तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात, साध्या तापमानात तासाला सुमारे दहा टक्क्यांनी. म्हणून नळी बर्फात आणि तासाभरात प्लाझ्मा वेगळा. त्याआधी दोन आठवडे बी६ असलेली मल्टिव्हिटॅमिन बंद असावीत, कारण काही रुग्ण बी६ ला इतका प्रतिसाद देतात की आजार लपतो.

१५ मायक्रोमोलपर्यंत ठीक. पण आपल्याकडे शाकाहारामुळे बी१२ ची साधी कमतरता इतकी आढळते की २५-३० आकडा आला म्हणून आनुवंशिक आजार म्हणायचं नाही. आधी बी१२ पाहा, भरून काढा, पुन्हा मोजा. १०० च्या वर असेल तर थांबू नका. मिथिओनिन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड मोजलं की दोष कुठे आहे ते कळतं. मिथिओनिन वाढलेलं असेल तर क्लासिक होमोसिस्टिन्युरिया, कमी असेल तर बी१२ किंवा फोलेटच्या बाजूचा दोष. अशा रुग्णाला भूल द्यायची वेळ आली तर नायट्रस ऑक्साइड टाळायचं असतं, ते बी१२ निकामी करतं.

दोन आजार जे डोळ्यांनी पकडता येतात

नीमन-पिक सी: पेशींत कोलेस्टेरॉलसारखे स्निग्ध पदार्थ अडकून राहण्याचा आजार. रुग्णाचं डोकं हाताने स्थिर धरा. दोन पेनं घ्या, एक कपाळाच्या वर, एक हनुवटीच्या खाली, आणि "वर, खाली, वर, खाली" असं झटपट पाहायला सांगा. या आजारात उभ्या दिशेची झेप आधी जाते: डोळे रेंगाळतात, माणूस मधेच पापण्या मिटतो किंवा डोकं हलवायला बघतो. पेन हळूहळू सरकवलं तर डोळे त्याच्यामागे नीट जातात, म्हणून घाईत केलेल्या तपासणीत हे सुटतं. घरी याची खूण म्हणजे जिना उतरताना अडखळणं. जोरात हसू आलं की गुडघे लटकणं, वाढलेली प्लीहा, जन्मल्यावर लांबलेली कावीळ यांतलं काही जोडीला असेल तर रक्तातल्या ऑक्सिस्टेरॉल किंवा लायसो-एसएम-५०९ ची तपासणी मागवावी. मिग्लुस्टॅट हे औषध आजाराची गती कमी करतं, गेलेलं परत आणत नाही.

सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस (कोलेस्टॅनॉल हा स्निग्ध पदार्थ अंगात साठण्याचा आजार): बाळपणापासूनचे जुलाब, शाळेच्या वयात मोतीबिंदूचं ऑपरेशन, पुढे टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर कठीण सूज. या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फायलींत पडून असतात. रक्तातलं कोलेस्टॅनॉल वाढलेलं असतं. नेहमीचं कोलेस्टेरॉल बहुधा नॉर्मल. किनोडीऑक्सिकोलिक ॲसिड, मोठ्यांना २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, लवकर सुरू झालं तर चांगला फरक पडतो.

"फुल मेटाबॉलिक पॅनेल"च्या भरवशावर राहू नका

वाळलेल्या रक्ताच्या थेंबावरची टीएमएस (टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री) तपासणी नवजात बाळांसाठी उत्तम आहे. पण ती विल्सन पकडत नाही, पोरफिरिया पकडत नाही, वरचे दोन शेवटचे आजारही नाही. आणि ओटीसीची सौम्य कमतरता झटका नसताना सहज सुटते. रिपोर्टवर "कोणताही दोष आढळला नाही" छापून येतं आणि सगळे निर्धास्त होतात. यापेक्षा आजार डोळ्यांसमोर ठेवून मागवलेली एकेक तपासणी बरी.

जनुक तपासणी शेवटी. विल्सनसाठी दोन बदल सापडायला हवेत, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. म्हणून आई-वडिलांचे नमुनेही लागतात. "अनिश्चित महत्त्वाचा बदल" असं लिहून आलं तर तो पुरावा धरायचा नाही. समुपदेशनासाठी मेडिकल जेनेटिक्सचा विभाग असलेलं हॉस्पिटल गाठा. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ अन्वये मुंबईचं केईएम हे सेंटर ऑफ एक्सलन्स आहे. धोरणाच्या यादीतल्या आजारांना अशा केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आपला आजार यादीत आहे का, हे तिथेच विचारा.

निदान होईपर्यंत कोणती गोळी

इथे मानसोपचारतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलणं सगळ्यांत कामाचं. व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवायला सर्रास दिलं जाणारं औषध युरिया सायकलच्या आजारात अमोनिया चढवतं आणि पोरफिरियातही झटका आणू शकतं. कार्बामाझेपीन आणि फेनिटॉइन पोरफिरियात नकोत. क्लोरप्रोमाझिन मात्र पोरफिरियात चालतं, पण विल्सनमध्ये तेच आणि हॅलोपेरिडॉल माणसाला ताठरून टाकू शकतात. म्हणजे एका आजारातलं सुरक्षित औषध दुसऱ्यात घातक. संशय कोणत्या आजाराचा आहे हे तज्ज्ञांना कळलं, तर रिपोर्ट येईपर्यंतही ते त्यानुसार गोळी निवडू शकतात.

विल्सन निघाला तर पुढे

पेनिसिलामिन ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांनी १९५६ साली आणलं. आजही ते मुख्य औषधांपैकी एक आहे. सुरुवात कमी: दिवसाला १२५ ते २५० मिलिग्रॅम, मग चार ते सात दिवसांनी २५० ने वाढवत १००० ते १५०० पर्यंत, विभागून. घाईने पूर्ण डोस दिला तर साठलेलं तांबं एकदम सुटतं आणि मेंदूची लक्षणं वाढू शकतात. हळू दिलं तरी काहींची वाढतातच, हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं. गोळी जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सोबत रोज २५ ते ५० मिलिग्रॅम बी६. पहिल्या तीन आठवड्यांत ताप, पुरळ आलं तर लगेच कळवा. रक्तपेशी आणि लघवीतली प्रथिनं सुरुवातीला दर आठवड्याला तपासायची.

झिंकने आतड्यातून तांबं शोषलं जाणं अडतं. मोठ्यांना दिवसातून तीनदा ५० मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी, पेनिसिलामिनपासून वेगळ्या वेळी. लेबल नीट वाचा: झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅममध्ये मूळ झिंक ५० मिलिग्रॅम असतं. मुलांच्या जुलाबासाठी मिळणाऱ्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्यांवर हा डोस भागवायला गेलं की कमी पडतं.

पहिलं वर्ष काजू, शेंगदाणे, चॉकलेट, मशरूम, कलेजी, खेकडे-तिसऱ्या बंद. तांब्याच्या हंड्यातलं पाणी कायमचं बंद, कितीही आरोग्यदायी म्हणून फॉरवर्ड आलं तरी. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यातलं ताक, चिंच-आमसुलाची आमटी, तांब्याच्या ताम्हणातलं पंचामृत यांतही आंबटपणाने तांबं उतरतं. जाता जाता: पितळी-तांब्याच्या भांड्यांत ठेवलेल्या दुधाचा आणि बाळांच्या सिरॉसिसचा संबंध १९८३ साली मांडला गेला, तो पुण्यातल्या बालरुग्णांवरच्या कामातून. तो विल्सन नव्हता, पण तांब्याचं यकृतावरचं काम तेच.

मन सुधारायला सहा महिने ते दोन-तीन वर्षं लागू शकतात, आणि मानसोपचाराच्या गोळ्या तोवर चालू ठेवाव्या लागतील. सगळ्यांत धोक्याचा क्षण येतो तो माणूस बरा झाल्यावर. "आता काय गरज" म्हणून औषध थांबवलं की काही महिन्यांनी यकृत अचानक निकामी होऊ शकतं. गरोदरपणातही औषध बंद करत नाहीत, पेनिसिलामिनचा डोस तेवढा कमी करतात.

सख्ख्या भावंडांची तपासणी त्याच महिन्यात करा, ती कितीही धडधाकट दिसोत. प्रत्येकाला आजार असण्याची शक्यता चारात एक आहे, आणि लक्षणांआधी झिंक सुरू झालं तर लक्षणं येतच नाहीत.

खिशातलं कार्ड

पोरफिरिया आणि युरिया सायकलच्या रुग्णांना याची जास्त गरज, कारण झटक्यात ते स्वतः काही सांगू शकत नाहीत. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत: नाव, रक्तगट, आजाराचं नाव, उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा नंबर. पोरफिरिया असेल तर पुढे "बार्बिट्युरेट, थायोपेंटोन, कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, सल्फा देऊ नये, उपाशी ठेवू नये". युरिया सायकल असेल तर "उलट्या, गुंगी, बरळणं: तातडीने अमोनिया पाहा, निकालाची वाट न बघता १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू करा, व्हॅल्प्रोएट आणि स्टेरॉइड टाळा". एक प्रत लॅमिनेट करून पाकिटात, एक फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये, आणि एक मानसोपचाराच्या फाइलच्या पहिल्या पानावर स्टेपल करून.